मुखवट्याकडून चेहऱ्याकडे : 'द फ्लाय' आणि रूपांतराच्या रंगभूषेचा इतिहास

माणसाचे शरीर प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत बदलत जाताना दाखवण्याची हौस चित्रपटमाध्यमाला त्याच्या बालपणापासून आहे, आणि ती पुरवण्याचा भार दिग्दर्शक व छायालेखक यांच्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, रंगभूषाकारावर पडत आला आहे. विज्ञानचित्रपटांच्या, म्हणजे वैज्ञानिक कल्पनेवर रचलेल्या कथाचित्रपटांच्या इतिहासात हा भार कोणी आणि कसा वाहिला हे पाहायचे असेल, तर 'द फ्लाय' या एकाच नावाने २८ वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन चित्रपटांइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही. पहिला १९५८ साली कर्ट न्यूमन यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी केला आणि दुसरा १९८६ साली कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग यांनी. दोन्हींचे कथाबीज एकच आहे : एक शास्त्रज्ञ एका कक्षातील वस्तू कणाकणांनी विरघळवून दुसऱ्या कक्षात पुन्हा जुळवणारे यंत्र बनवतो, त्यात स्वतः शिरतो, आणि त्याच्यासोबत नकळत एक माशीही आत जाते. पहिल्या चित्रपटात माणूस आणि माशी यांची डोकी व एकेक अवयव क्षणात अदलाबदल होतात, तर दुसऱ्यात माशी माणसाच्या जनुकांत, म्हणजे पेशींतील आनुवंशिक आराखड्यात, मिसळते आणि तो माणूस हळूहळू झिजत, सडत, बदलत जातो. या दोन कल्पनांमधील अंतर पटकथाकारांनी कापले असे सामान्यतः मानले जाते, परंतु ते कापता यावे म्हणून एका अख्ख्या व्यवसायाला जवळजवळ सहा दशके हात झिजवावे लागले होते, आणि त्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच प्रश्न होता : नटाचा चेहरा झाकूनही त्याला अभिनय करता यावा, हे कसे साधायचे?

या व्यवसायाच्या आरंभी नट आणि रंगभूषाकार एकच होता. मूकपटांच्या काळात रंगभूमीवरून आलेले नट आपला चेहरा आपणच रंगवत, आणि या परंपरेचा कळस म्हणजे लॉन चेनी (१८८३–१९३०) हा अमेरिकी अभिनेता होय. त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर असल्यामुळे चेहरा आणि हात यांनी बोलण्याची सवय त्याला घरातच लागली होती, आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९२३) व 'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) या चित्रपटांतील विद्रूप चेहरे त्याने आरशासमोर बसून स्वतःच्या हातांनी घडवले. चेनीच्या पद्धतीत एक मोठा गुण होता, तो असा की चेहऱ्यावर काय चढवायचे हे ठरवणाऱ्यालाच त्या चेहऱ्याने काय व्यक्त करायचे आहे हे ठाऊक असे, आणि पुढे स्टुडिओंच्या कारखानदारीत हा गुण हरवला तेव्हा तो परत मिळवण्यासाठी व्यवसायाला फार लांबचा वळसा घ्यावा लागला.

त्या कारखानदारीची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झाली. जॉर्ज वेस्टमोर या केशकारागिराने १९१७ साली सेलिग स्टुडिओत पहिला स्वतंत्र रंगभूषा विभाग सुरू केला असे मानले जाते, आणि त्याच्या मुलांनी पुढे हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओंचे असे विभाग जणू वाटून घेतले. पॅरामाउंटकडे वॉली, वॉर्नरकडे पर्क, आणि नंतर युनिव्हर्सलकडे बड. पण युनिव्हर्सलमध्ये बड वेस्टमोर येण्यापूर्वी तेथे जॅक पिअर्स हा ग्रीसमध्ये जन्मलेला, अत्यंत हट्टी आणि तितकाच निष्णात कारागीर होता. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) साठी बोरिस कार्लोफच्या कपाळावर त्याने कापसाचे पदर आणि कोलोडियन, म्हणजे लावताच वाळून घट्ट होणारे एक पातळ रासायनिक द्रावण, यांचे थरावर थर चढवले, आणि हे काम रोज सुमारे चार तास चाले. तरीही गालांवर आणि तोंडाभोवती त्याने फारसे काही लावले नाही, याला महत्त्व आहे. कार्लोफने तोंडातील दातांची कवळी काढून ठेवली, त्यामुळे एक गाल आपोआप खोल गेला, आणि डोळ्यांवर जडपणा यावा म्हणून पापण्यांवर मेण लावण्याची सूचनाही त्यानेच केली. कपाळ राक्षसाचे झाले, पण गाल, ओठ आणि डोळे नटाचेच राहिले, आणि म्हणूनच त्या प्राण्याची कीव येते.

'फ्रँकेन्स्टाइन' मधील प्राणी मात्र पडद्यावर येतो तो घडलेल्या रूपातच. रूप बदलण्याची क्रिया दाखवण्याचे काम त्याच वर्षी पॅरामाउंटने हाती घेतले. रूबेन मामुलियन यांच्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' (१९३१) मध्ये सज्जन डॉक्टर औषध पितो आणि त्याच्या चेहऱ्यावर काळपट सुरकुत्या, खोबण्या व सावल्या उमटू लागतात, आणि हा आरंभीचा बदल कॅमेरा न थांबवता, एकाच सलग चित्रणात दिसतो. छायालेखक कार्ल स्ट्रस यांची ही युक्ती प्रकाशाच्या साध्या नियमावर उभी होती. फ्रेड्रिक मार्च या नटाच्या चेहऱ्यावर वॉली वेस्टमोरने काही रेषा लाल रंगात काढलेल्या असत. कॅमेऱ्यासमोर लाल काच, म्हणजे लाल फिल्टर, असेल तोवर लाल रेषा आणि त्वचा दोन्ही सारख्याच उजळ दिसत, त्यामुळे कृष्णधवल फितीवर त्या रेषा नाहीशा होत, आणि तो फिल्टर हळूहळू सरकवून त्याच्या जागी उलट रंगाचा आणला की त्याच रेषा गडद होऊन वर येत. हे जमण्यासाठी लाल रंगाची नोंद घेणारी पँक्रोमॅटिक फीत लागे, कारण त्याआधीच्या फितींना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. स्ट्रस यांनी १९२५ च्या 'बेन-हर' मध्ये हीच युक्ती उलट्या दिशेने वापरून कुष्ठरोग्यांचे डाग पुसून टाकले होते. या पद्धतीचा खरा लाभ नटाला झाला. मार्चच्या चेहऱ्यावर त्या क्षणी रंगाखेरीज काहीही नव्हते, त्यामुळे वेदना, भीती आणि त्यामागून डोकावणारा विकृत आनंद हे तिन्ही भाव त्याला मोकळ्या स्नायूंनी दाखवता आले. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या समारंभात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर वॉलेस बिअरीसोबत विभागून मिळाले.

युनिव्हर्सलने पुढे 'द वुल्फ मॅन' (१९४१) साठी डिझॉल्व्हचा मार्ग धरला. डिझॉल्व्ह म्हणजे एक चित्र विरत असताना त्यावर दुसरे चित्र उमटवत नेणे. नटाला जागचे हलू न देता थोडे केस चिकटवायचे, काही फुटांची फीत चित्रित करायची, पुन्हा थोडे केस चिकटवायचे, आणि मग हे सगळे तुकडे एकमेकांत विरघळवायचे, अशी ही रीत होती. खुर्चीत बसलेला नट लॉन चेनीचाच मुलगा होता आणि त्याच्या अंगावर याकचे केस चिकटवणारा पिअर्स. बापाने स्वतः घडवलेले चेहरे मुलाला दुसऱ्याकडून चढवून घ्यावे लागले, एवढ्यावरून दोन दशकांत व्यवसाय किती बदलला होता हे समजते. या रीतीत रूप बदलत असताना नटाला अभिनय करण्याची सोयच उरत नसे, कारण किंचित मान हलली तरी पुढचे चित्र मागच्यावर बसत नसे.

याच सुमारास फोम लॅटेक्स हे नवे द्रव्य आले, आणि 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मध्ये जॅक डॉन यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. पिअर्सने आपली थरावर थर चढवण्याची जुनी पद्धत सोडायला फारशी तयारी दाखवली नाही, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिव्हर्सलने त्याला काढून त्याच्या जागी बड वेस्टमोरला आणले. ज्या माणसाने त्या स्टुडिओला जगभर ओळख मिळवून देणारे चेहरे दिले, त्याची ही बोळवण हॉलिवुडच्या इतिहासातील एक लाजिरवाणी गोष्ट आहे. तरीही द्रव्याच्या बाबतीत काळ पिअर्सच्या बाजूने नव्हता, हेही मान्य करावे लागते.

फोम लॅटेक्सची कृती थोडक्यात अशी. प्रथम नटाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन त्यातून प्लास्टरची हुबेहूब प्रतिकृती ओततात आणि तिच्यावर मातीने हवा तो बदल, म्हणजे पुढे आलेली भुवई, गाठ किंवा सुजलेला गाल, घडवतात. त्या मातीकामाचा पुन्हा उलटा साचा काढून माती काढून टाकली की प्रतिकृती आणि साचा यांच्यामध्ये नेमकी मातीएवढी पोकळी राहते. रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेले लॅटेक्स इतर रसायनांसह घुसळून त्याचा फेस करतात, तो फेस या पोकळीत भरून भट्टीत भाजतात, आणि शेवटी हाती येतो तो स्पंजासारखा हलका, लवचिक तुकडा. अशा तुकड्यांनी केलेल्या रंगभूषेला प्रॉस्थेटिक म्हणतात आणि आज मुंबईच्या चित्रनगरीतही हाच शब्द रूढ आहे. तुकड्याच्या कडा कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ असाव्या लागतात, कारण त्या त्वचेत विरून गेल्या नाहीत तर सगळा डाव उघडा पडतो, आणि इतकी पातळ कड काढताना फाटतेच, म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसासाठी नवा संच भाजावा लागतो. शिवाय खऱ्या त्वचेत प्रकाश थोडा आत झिरपतो तसा तो फोम लॅटेक्समध्ये झिरपत नाही, त्यामुळे रंगाचे अनेक विरळ थर देऊन त्वचेची खोली भासवावी लागते. या द्रव्याचा मोठा गुण असा की ते स्नायूंबरोबर हलते. मात्र हलू शकणे आणि हलवले जाणे यांत फरक होता, आणि तो १९५८ च्या 'द फ्लाय' मध्ये स्पष्ट दिसतो.

या चित्रपटाची मूळ कथा जॉर्ज लँगलान या पॅरिसमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश लेखकाची असून ती 'प्लेबॉय' मासिकाच्या जून १९५७ च्या अंकात आली. लँगलान दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्त सेवेत होता, आणि शत्रूच्या ताब्यातील फ्रान्समध्ये हवाई छत्रीने उतरण्यापूर्वी ओळख पटू नये म्हणून त्याने शस्त्रक्रियेने आपले कान आणि हनुवटी बदलून घेतली होती. दुसऱ्याच चेहऱ्याने आरशात पाहण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने ही कथा लिहिली, ही गोष्ट तिच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यायला हवी, कारण या कथेतील भयाचे केंद्र यंत्रात नाही, चेहरा लपवून आपल्याच माणसांत वावरण्यात आहे. पटकथा जेम्स क्लॅव्हेल यांनी लिहिली, जे पुढे 'शोगुन' या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाले. त्यांनी घटनास्थळ फ्रान्समधून कॅनडातील माँट्रियल येथे हलवले. मूळ कथेत शास्त्रज्ञाच्या बदललेल्या डोक्यात शेवटी मांजराचाही अंश मिसळतो, तो भाग वगळून चित्रपटात मांजर यंत्रात नाहीसे होते एवढेच ठेवण्यात आले.

शास्त्रज्ञ आंद्रे देलांब्र याची भूमिका अल हेडिसन यांनी केली, जे नंतर डेव्हिड हेडिसन या नावाने ओळखले गेले. अपघातानंतर आंद्रे डोक्यावर काळे कापड टाकून आणि एक हात कोटाच्या खिशात दडवून वावरतो, बोलता येत नसल्यामुळे चिठ्ठ्या टंकलिखित करतो, दारावर थापा मारून होकार-नकार कळवतो आणि कापडाखाली बशी नेऊन दूध पितो. पत्नी एलेनच्या भूमिकेत पॅट्रिशिया ओवेन्स होत्या. प्रेक्षकाला जवळजवळ शेवटपर्यंत कापडाखालचे काही दिसत नाही, आणि हा संयम हे न्यूमन यांच्या दिग्दर्शनाचे सर्वांत मोठे यश आहे. यंत्राचा प्रयोग सफल झाला असेल या आशेने एलेन ते कापड ओढते तेव्हा माशीचे डोके दिसते, आणि लगेच माशीच्या नजरेतून, एकाच चौकटीत अनेक प्रतिमांच्या रूपाने, किंचाळणारी एलेन दिसते. मुखवटा स्टुडिओच्या रंगभूषा विभागाचे प्रमुख बेन नाय यांनी केला होता. तो संपूर्ण डोके झाकणारा, मोठ्या चकाकत्या डोळ्यांचा आणि अर्थातच भावशून्य होता. त्यामुळे हेडिसन यांच्याकडे अभिनयासाठी उरले ते खांदे, चाल आणि एक हात. शेवटी फळ्यावर खडूने पत्नीला प्रेमाचे दोन शब्द लिहिताना माशीचा हात माणसाच्या हाताला आवरू पाहतो, तो प्रसंग या मर्यादेतूनच जन्मला असून तो आजही हेलावून टाकतो. मात्र त्या प्रसंगाचे श्रेय हातांना आहे, मुखवट्याला नाही.

या चित्रपटाचे छायालेखक कार्ल स्ट्रस होते, हा योगायोग इतिहासकाराला विचार करायला लावणारा आहे. ज्या माणसाने १९३१ साली रंग आणि काच यांच्या बळावर उघड्या चेहऱ्यावर रूपांतर घडवले, त्यालाच २७ वर्षांनी कापडाखालच्या मुखवट्याचे चित्रण करावे लागले. याचे एक कारण कथेतच होते, कारण तिच्यातील बदल क्षणात होतो आणि यंत्राच्या बंद दाराआड होतो. दुसरे कारण तंत्राचे होते : १९५८ चा 'द फ्लाय' सिनेमास्कोप या रुंद पडद्यासाठी रंगीत फितीवर चित्रित झाला, आणि रंगीत फितीवर लाल काच लावली तर अख्खे चित्र लाल होते, त्यामुळे स्ट्रस यांची जुनी विद्या तेथे निरुपयोगी होती. रंगाने पडद्याला पुष्कळ काही दिले, पण रूपांतराच्या एका नाजूक कलेचा अवकाश मात्र हिरावून घेतला. चित्रपटाला उत्तम धंदा झाला, १९५९ आणि १९६५ साली त्याचे दोन उत्तरभागही निघाले, परंतु हे यश पाहायला न्यूमन फार काळ राहिले नाहीत. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९५८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मुखवट्याकडून चेहऱ्याकडे परत येण्याची वाट दोन माणसांनी मोकळी केली. जॉन चेंबर्स यांनी चित्रपटांत येण्यापूर्वी युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम नाक, कान व जबडे बनवले होते, आणि जखमी माणसाला हे अवयव लावून जेवता-बोलता आले पाहिजे ही रुग्णालयातील अट त्यांनी 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) च्या वानरमुखांना लागू केली. डिक स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीत घाईच्या प्रक्षेपणांसाठी काम करता करता वेगळा मार्ग शोधला. संपूर्ण चेहऱ्याचा एक जाड तुकडा करण्याऐवजी कपाळ, गाल, हनुवटी, मान यांचे लहान लहान तुकडे करून ते एकमेकांवर किंचित चढवत लावायचे, म्हणजे प्रत्येक स्नायू आपापला तुकडा हलवू शकतो. 'लिटल बिग मॅन' (१९७०) मध्ये त्यांनी याच पद्धतीने ऐन तिशीतल्या डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा म्हातारा केले. स्मिथ यांचे याहूनही मोठे काम असे की स्टुडिओंचे विभाग जी सूत्रे कुलपात ठेवत, ती त्यांनी विचारणाऱ्या कोणत्याही होतकरू मुलाला पत्रातून, फोनवरून मोकळेपणाने सांगितली, आणि रिक बेकर यांच्यासह पुढची जवळजवळ सगळी पिढी त्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्या पत्रांवर वाढली. कोणत्याही कारागिरीच्या इतिहासात असे औदार्य विरळा असते.

व्यवसायाला प्रतिष्ठा मात्र उशिरा मिळाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९६५ मध्ये विल्यम टटल यांना आणि १९६९ मध्ये चेंबर्स यांना मानाचे विशेष पुरस्कार दिले, पण रंगभूषेसाठी कायमचा पुरस्कार नव्हता. 'द एलिफंट मॅन' (१९८०) मध्ये ख्रिस्तोफर टकर यांनी, चित्रपट ज्याच्यावर बेतला होता त्या जोसेफ मेरिक या विद्रूप शरीराच्या माणसाच्या, लंडनच्या रुग्णालयात जतन केलेल्या साच्यांवरून, जॉन हर्ट यांना त्याचे रूप दिले, आणि त्या कामाला विशेष पुरस्कार देण्याचेही अकादमीने नाकारले तेव्हा चित्रपटव्यवसायातून इतका निषेध झाला की पुढच्याच वर्षापासून रंगभूषेचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. १९८२ च्या समारंभात तो पहिल्यांदा मिळाला 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' साठी रिक बेकर यांना. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रंगभूषाकाराचा पुरस्कार २००६ च्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागला. २०११ च्या चित्रपटांसाठी तो 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' या दोन चित्रपटांबद्दल विक्रम गायकवाड यांना मिळाला. ज्या मराठी रंगभूमीवर पुरुषाला स्त्रीरूप देणारी रंगभूषा पूर्वीच पराकोटीला पोचली होती, तिच्या वारसांना हा मान मिळायला इतका काळ लागावा, याची खंत वाटते.

'द एलिफंट मॅन' ब्रुक्सफिल्म्स या संस्थेने काढला होता. तिचे मालक मेल ब्रुक्स हे विनोदी चित्रपटांसाठी विख्यात असल्यामुळे आपले नाव वाचून लोक विनोदाच्या अपेक्षेने येतील या धास्तीने त्यांनी ते श्रेयनामावलीतून वगळले, आणि नव्या 'द फ्लाय' च्या वेळीही तेच केले. चार्ल्स एडवर्ड पोग यांची पटकथा क्रोननबर्ग यांनी पुन्हा लिहिली. टोरांटोत जन्मलेल्या या दिग्दर्शकाने शरीराच्या विकृतीला आपला कायमचा विषय केले होते. त्यांच्या 'स्कॅनर्स' (१९८१) मध्ये डिक स्मिथ सल्लागार होते आणि क्रिस वॅलस व स्टीफन द्युपुई हे तरुण कारागीर त्या चमूत होते. 'द फ्लाय' ची रंगभूषा याच दोघांकडे आली, म्हणजे चेंबर्स आणि स्मिथ यांनी मोकळ्या केलेल्या वाटेचा वारसा थेट त्यांच्या हाती होता.

वॅलस यांनी काम उलट्या टोकाने सुरू केले : आधी अखेरचा प्राणी, ज्यात माणूस जवळजवळ उरलेला नाही, तो घडवला आणि मग तेथून मागे येत सेथ ब्रंडल या शास्त्रज्ञाच्या धडधाकट शरीरापर्यंतचे टप्पे आखले. पहिल्या टप्प्यांत फक्त रंग आहे, चेहऱ्यावर उठलेले लालसर चट्टे, जे पाहून प्रेक्षकाला एखादा त्वचारोग वाटावा. मग पाठीवर राठ केस येतात, नखे सैल होऊन निघतात, केस विरळ होतात, दात पडतात, एक कान गळून पडतो. पुढे गाल आणि कपाळ फोम लॅटेक्सच्या गाठींनी फुगत जाते, त्यानंतर संपूर्ण अंगाचा पेहराव येतो, आणि शेवटी नटाच्या जागी तारांनी व दांड्यांनी हलवली जाणारी बाहुली. माशीसारखे दिसणे या कशातच नाही. चमूने नमुना म्हणून घेतली ती सुजलेली, सुरकुतलेली, रोगाने पोखरलेली माणसाची त्वचा. म्हणून हा चित्रपट राक्षसपटापेक्षा दीर्घ आजाराच्या कथेच्या अधिक जवळ जातो. त्या काळात अनेकांनी त्यात एड्सची छाया पाहिली, पण क्रोननबर्ग यांनी आपल्या मनात म्हातारपण आणि मरण यांचा व्यापक विचार होता असे सांगितले आहे, आणि पडद्यावरचा पुरावा त्यांच्याच बाजूने आहे.

शेवटच्या टप्प्यांत जेफ गोल्डब्लम यांना रोज सुमारे पाच तास रंगभूषेसाठी बसावे लागे. त्यातून काय मिळाले ते पाहण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. ब्रंडलला आता घास चावता येत नाही, माशीप्रमाणे अन्नावर पाचक रस ओकून ते विरघळवूनच घ्यावे लागते, आणि तो हे कॅमेऱ्यासमोर, वर्गात प्रयोग समजावणाऱ्या प्राध्यापकाच्या उत्साहाने, करून दाखवतो. तो पांढरट द्रव मध, अंडी आणि दूध यांचा केलेला होता. पाहणाऱ्याला शिसारी येते, तरी चेहरा वळवता येत नाही, कारण गाठींनी भरलेल्या त्या कपाळाखाली भुवया अजून उंचावतात, ओठांच्या कोपऱ्यात किंचित अभिमान चमकतो, आणि या रूपातही तो माणूस आपल्या कुतूहलाशी प्रामाणिक आहे हे समजते. गळून पडलेले अवयव औषधांच्या कपाटात नीट मांडून ठेवणारा हा शास्त्रज्ञ स्वतःच्या नाशाचा टिपणकर्ता होतो. १९५८ च्या आंद्रेला कापडाखाली जे करता आले नव्हते, ते गोल्डब्लम यांना रबराखाली करता आले, आणि याचे श्रेय वॅलस-द्युपुई यांच्या तुकड्यांना जेवढे आहे तेवढेच त्या तुकड्यांना आपल्या स्नायूंनी हलवायला शिकलेल्या नटाला आहे. शेवटी बाहुलीला आपल्या डोळ्यांनी मरणाची याचना करावी लागते तेव्हा प्रेक्षकाला तिच्यात ब्रंडल दिसतो, तो आधीच्या तासाभरात त्याचा चेहरा ओळखीचा झाला असल्यामुळेच.

यानंतर लवकरच संगणक आला. 'विलो' (१९८८) मध्ये एका प्राण्याचे रूप दुसऱ्यात संगणकाच्या साह्याने वितळताना दिसले आणि 'टर्मिनेटर २' (१९९१) ने त्या मार्गाचा राजरस्ता केला. अनेक निर्मात्यांना भट्टी, साचे आणि पाच तासांची खुर्ची अडगळीची वाटू लागली. तरीही ही कला संपली नाही. कोराली फार्जा यांच्या 'द सबस्टन्स' (२०२४) मध्ये वय झालेल्या अभिनेत्रीचे शरीर टप्प्याटप्प्याने विद्रूप होत जाते. त्या चित्रपटाने प्रामुख्याने प्रॉस्थेटिक रंगभूषेवर विश्वास ठेवला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला रंगभूषा व केशभूषेचे ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटासाठी डेमी मूर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकनही होते.

१९८७ च्या ३० मार्चला झालेल्या समारंभात क्रोननबर्ग यांच्या 'द फ्लाय' ला एकच नामांकन होते, रंगभूषेचे, आणि तो पुरस्कार वॅलस व द्युपुई यांना मिळाला. गोल्डब्लम यांचे नाव अभिनेत्यांच्या यादीत नव्हते. ५५ वर्षांपूर्वी रंगाआडून रूप बदलणाऱ्या फ्रेड्रिक मार्चला जी न्यायबुद्धी दाखवली गेली, ती रबराआडून त्याहून कठीण काम करणाऱ्या नटाला दाखवली गेली नाही, आणि हा निर्णय चुकीचाच होता.